वेगळं जीपीएस युनिट घ्यायचं तर
मोबाईल असताना गाडीत रस्ता दाखवायला वेगळं जीपीएस युनिट कशाला, हा प्रश्न बरोबरच आहे, पण रेंज गेली म्हणून जीपीएस बंद पडत नाही हो, सिग्नल उपग्रहाकडून येतो, अडतं ते नकाशावर, कारण फोनमध्ये तो नेटवरून येतो. ताम्हिणी घाटात आमचं तेच झालं, रेंज नाही आणि वळण चुकल्यावर फोन नवा रूट काढेचना. तेव्हापासून निघायच्या आधी घरच्या वायफायवर ऑफलाइन नकाशा उतरवून ठेवतो, फक्त त्यात ट्रॅफिक दिसत नाही.

तरी युनिट घ्यायचंच असेल तर नकाशाचे अपडेट किती वर्षं फुकट मिळणार ते आधी विचारा, स्क्रीन ५ इंच की ७ ते नंतर, कारण नवा बायपास झाला आणि नकाशा जुनाच असला तर काय उपयोग. आणि प्लीज, काचेवर समोरचा रस्ता बघताना आड येईल असं लावू नका.