सौंदर्यशास्त्राची सुरुवात कुठून करावी?

कोरी_पाटी:
तत्त्वज्ञान रीतसर शिकलेलो नाही. तर्कशास्त्र आणि नीतिशास्त्र यांची तोंडओळख करून देणारी पुस्तकं वाचली आहेत, आता सौंदर्यशास्त्राकडे वळायचं आहे. एक जाडजूड इतिहास हाती घेतला, पण प्लेटोपासून निघून कांटपर्यंत पोचता पोचता दमछाक झाली. एका प्रकरणात सौंदर्याची व्याख्या येते आणि पुढच्या प्रकरणात कुणीतरी ती खोडून काढतो. माझा मूळ प्रश्न साधा आहे: 'मला आवडलं' आणि 'हे सुंदर आहे' यात काही फरक आहे का? यावर नीट विचार केलेलं काय वाचावं? मराठीत काही आहे का? कलास्वाद शिकवणारी पुस्तकं नकोत, ती आहेत घरात.

आडवाट:
इतिहास बाजूला ठेवा. तुमच्या प्रश्नावर डेव्हिड ह्यूमचा १७५७ सालचा रुचीच्या निकषावरचा निबंध आहे, एका बैठकीत वाचून होतो. 'भिन्नरुचिर्हि लोकः', म्हणजे ज्याची त्याची आवड वेगळी, असं म्हणून विषय मिटवता येतो हे ह्यूमलाही मान्य आहे, पण तो तिथे थांबत नाही. सामान्य कवीला थोर कवीच्या पंक्तीला बसवलं तर आपण हसतोच ना, मग ते हसू कशाच्या जोरावर, असा त्याचा रोख आहे.

त्यात 'डॉन किहोते' या स्पॅनिश कादंबरीतला एक किस्सा येतो. दोघा जाणकारांना पिंपातली वाइन चाखायला देतात. एक म्हणतो, उत्तम आहे, पण चामड्याची किंचित चव लागते. दुसरा म्हणतो, चामड्याची नाही, लोखंडाची. लोक दोघांची टर उडवतात. पिंप रिकामं झाल्यावर तळाशी चामड्याची वादी बांधलेली जुनी किल्ली सापडते.

ह्यूमच्या मते जाणकाराची संवेदना अशी तल्लख असते, आणि तिच्या जोडीला सराव, तुलना, पूर्वग्रह बाजूला ठेवण्याची ताकद आणि शहाणपण लागतं. आता गंमत अशी की कवितेच्या तळाशी किल्ली सापडत नाही. मग कोण बरोबर होतं ते ठरवायचं कसं? निबंध वाचताना हा प्रश्न सोडू नका.

खडू_फळा:
ह्यूमनंतर लगेच कांटचा निर्णयशक्तीवरचा ग्रंथ, १७९०. सगळा ग्रंथ मुळीच नको. सुरुवातीचा सौंदर्यनिर्णयाच्या विश्लेषणाचा भाग पुरे. धागाकर्त्याचा प्रश्न तिथे जवळपास जसाच्या तसा आहे. एखादी वाइन छान आहे असं म्हटल्यावर कुणी सुधारलं, 'तुला छान लागते असं म्हण', तर आपण मुकाट मान्य करतो. पण 'ही इमारत माझ्यापुरती सुंदर आहे' हे कांटला हास्यास्पद वाटतं. सुंदर म्हटलं की आपण इतरांच्याही संमतीवर हक्क सांगतो, आणि तरी ती संमती नियम दाखवून सिद्ध करता येत नाही. पेच आहे तो इथे.

राजवाड्याचं उदाहरणही बघा. 'हा सुंदर आहे का?' असं विचारल्यावर कुणी म्हणेल, गोरगरिबांच्या घामावर उभा राहिलेला डामडौल आहे हा. कांट म्हणतो, असेल, पण ते विचारलेलंच नव्हतं. (मला हे उत्तर जरा जास्तच सोवळं वाटतं, पण तो वेगळा वाद.)

चष्मा:
थोडा वेगळा सूर लावतो. विसाव्या शतकात 'सुंदर काय'पेक्षा 'कला म्हणजे काय' हा प्रश्न वरचढ झाला. १९१७ साली द्यूशाँ या कलावंताने मुतारीचं भांडं प्रदर्शनासाठी पाठवलं. १९६४ मध्ये वॉरहॉल या कलावंताने केलेल्या, साबणाच्या खोक्यांच्या हुबेहूब नकलांवरून तत्त्वज्ञ आर्थर डँटोने विचारलं की दुकानातलं खोकं आणि हे खोकं दिसायला सारखंच, मग एक कला आणि दुसरं माल, हे कसं?

नवख्याला मी बनावट चित्रांपासून सुरुवात करायला सांगेन. हान व्हान मेगेरेनने सतराव्या शतकातल्या व्हर्मिअर या डच चित्रकाराच्या नावावर चित्रं खपवली. त्यातलं एक १९३७ साली एका मोठ्या जाणकाराने अस्सल ठरवलं आणि ते रॉटरडॅमच्या संग्रहालयात गेलं. दुसऱ्या महायुद्धानंतर, नाझी नेता ग्योरिंगच्या संग्रहात 'व्हर्मिअर' पोचवल्याबद्दल तो पकडला गेला, तेव्हा जीव वाचवायला त्यानेच सांगितलं की ते चित्र मी काढलं. कॅनव्हास तोच, रंग तेच. मग चित्राचं काय बिघडलं? तत्त्वज्ञ नेल्सन गुडमनचं (१९६८) उत्तर मला पटतं: आज फरक दिसत नसला तरी तो आहे हे कळल्यावर आपण वेगळं बघू लागतो आणि डोळा तयार होतो. आता ती चित्रं पाहिली की ही व्हर्मिअरची वाटलीच कशी, याचं नवल वाटतं.

अर्धविराम:
मराठीत या विषयाची परंपरा दणकट आहे. मर्ढेकरांचं 'सौंदर्य आणि साहित्य' घ्या. संवाद, विरोध आणि समतोल या तीन लयतत्त्वांवर त्यांनी सगळा डोलारा उभा केला आहे. पटेलच असं नाही, पण भांडायला उत्तम. रा. भा. पाटणकरांची 'सौंदर्यमीमांसा' (१९७४) ही खरी जड असामी. कलेला लौकिक जगाशी बांधणारा एक ध्रुव आणि तिला स्वायत्त, अलौकिक मानणारा दुसरा, या दोन्हींमधली ओढाताण हीच कलेविषयीच्या विचाराची घडण, असं त्यांचं म्हणणं. पहिल्या पानापासून सुरू करू नका, कांट वाचून झाल्यावर त्यातलं कांटवरचं विवेचन काढा.

रसचर्चेसाठी ग. त्र्यं. देशपांडे यांचं 'भारतीय साहित्यशास्त्र'. रसनिष्पत्तीवरून, म्हणजे नाटक पाहताना रस निर्माण कसा होतो यावरून, लोल्लट, शंकुक, भट्टनायक आणि अभिनवगुप्त या जुन्या संस्कृत मीमांसकांचं जे जुंपतं ते वाचण्यासारखं आहे. शंकुक चित्रातल्या घोड्याचा दाखला देतो: त्याला आपण घोडाच म्हणतो, तसाच नट राम वाटतो. नटात राम दिसणं हे खरं ज्ञान नव्हे, खोटं नव्हे, संशय नव्हे आणि सादृश्यही नव्हे. १९७५ साली तत्त्वज्ञ कॉलिन रॅडफर्डने विचारलं की टॉलस्टॉयच्या कादंबरीतली अॅना कॅरेनिना नावाची बाई कधी नव्हतीच, हे माहीत असताना तिच्यासाठी रडू का येतं. त्याच्या शेजारी शंकुक ठेवून बघा.

पाणवठा:
सगळे कलेवरच घसरलात! डोंगर, ढग, पक्षी यांचं काय? ही तक्रार तत्त्वज्ञ रोनाल्ड हेपबर्नने १९६६ मध्येच केली होती, त्याचा निबंध यादीत घाला. बाकी धागा मस्त, वाचनखूण साठवली.

कोरी_पाटी:
सगळ्यांचे आभार. काल रात्री ह्यूम वाचला. एक शंका: चांगली कलाकृती कोणती ते खरे जाणकार सांगणार, आणि जाणकार खरा कशावरून, तर त्याला चांगली कलाकृती कळते यावरून. हे फिरून तिथेच आलं की!

आडवाट:
बरोबर जागी बोट ठेवलंत, या चक्रावर ह्यूमचे टीकाकार आजही भांडतात. त्याच्या बाजूने एवढं म्हणता येईल की तल्लखपणा, सराव, पूर्वग्रह नसणं हे गुण कलेबाहेरही पारखता येतात. शिवाय काळाची कसोटी आहेच. अथेन्स आणि रोममध्ये आवडलेला होमर दोन हजार वर्षांनी पॅरिस आणि लंडनमध्येही आवडतो, हे त्याचं उदाहरण. पण शेवटची पानं पुन्हा वाचा. रोमन लेखकांपैकी विसाव्या वर्षी ओव्हिड, चाळिसाव्या वर्षी होरेस आणि पन्नाशीत टॅसिटस आवडतो, आणि त्याला इलाज नाही, असं तो स्वतःच मान्य करतो. स्वभाव आणि काळ यांना इतकी सूट दिल्यावर निकष किती उरतो, ते तुम्हीच इथे लिहा. मग कांटकडे वळू.