दारं बंद, गाडी लॉक, तरी आतली लाइट पेटलेली. बॅटरी दोनदा उतरली

खाडीकाठचा (देवगड)
नमस्कार मंडळी. गाडी २०१२ ची हॅचबॅक, पेट्रोल, मी तिसरा मालक. घर समुद्राच्या अगदी जवळ, गाडी मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये कव्हर घालून असते. प्रॉब्लेम असा की छताच्या लाइटचा खटका मधे, म्हणजे डोअरवर ठेवला की डावीकडचं पुढचं दार उघडल्यावर पेटतच नाही, बाकीच्या तिन्ही दारांना पेटते, आणि कधीकधी सगळी दारं नीट लावलेली असताना तशीच पेटलेली राहते. शेजारच्या काकांनी रात्री कव्हरमधून उजेड दिसतोय म्हणून सांगितलं तेव्हा कळलं, तोपर्यंत मी बॅटरीलाच दोष देत होतो. गेल्या महिन्यात गाडी तीन दिवस उभी होती, शनिवारी रात्री आईचं बीपी एकदम वाढलं, तिला कणकवलीला न्यायला निघालो तर सेल्फ नुसता टकटक करतोय. काकांनी त्यांच्या गाडीने नेलं, आई आता बरी आहे, पण तेव्हापासून रात्री झोपताना गाडी चालू होईल ना हेच डोक्यात असतं. एका गॅरेजवाल्याने आतलं सगळं वायरिंग बदला सांगितलंय. खरंच गरज आहे का? मीटर आहे माझ्याकडे, साधा, वापरता जेमतेम येतो.

रत्नागिरीचा वायरमन
वायरिंगला कुणाला हात लावू देऊ नका दादा. बाकीच्या दारांना लाइट पेटते म्हणजे फ्यूज चांगला, बल्ब चांगला, छतापर्यंतची प्लसची वायर पण चांगली. ह्या वयाच्या साध्या गाड्यांत बहुतेक छताच्या लाइटला प्लस कायम असतो आणि दाराचा स्विच फक्त अर्थ देतो, म्हणजे मायनसला, गाडीच्या पत्र्याला जोडतो. दार उघडलं की स्विचची दांडी बाहेर येते, अर्थ मिळतो, लाइट पेटते. दार लावलं की दांडी दाबली जाते, अर्थ सुटतो. चारही स्विच पॅरलल, त्यामुळे एकाने जरी अर्थ धरून ठेवला तरी लाइट चालूच राहणार. म्हणजे तुमच्याकडे एक नाही, दोन फॉल्ट आहेत. डाव्या पुढच्या दाराला अर्थ मिळत नाही, आणि दुसऱ्या कुठल्यातरी दाराची दांडी अडकते म्हणून अर्थ सुटत नाही.

ह्या स्विचला बऱ्याचदा एकच वायर असते, अर्थ त्याच्या स्क्रूमधूनच बॉडीला जातो. खाऱ्या हवेत तो स्क्रू आणि खालचा पत्रा गंजला की लाइट बंद. आधी डावीकडचा स्क्रू काढा, स्विच हळूच बाहेर ओढा आणि वायरला ताबडतोब टेप लावून पत्र्याला चिकटवा, हे विसरू नका, ती सुटून दाराच्या चौकटीच्या खांबात आत गेली तर गळ टाकून शोधायची वेळ येते आणि त्यात माझे स्वतःचे तासन्‌तास गेलेत. मग वायरचं टोक रंग नसलेल्या स्वच्छ पत्र्याला टेकवा. लाइट पेटली तर वायर ठीक, दोष स्विचमध्ये किंवा स्क्रूत. घाबरू नका, मधे बल्ब असल्यामुळे शॉर्ट होत नाही. पण वायर दोन असल्या तर हा प्रयोग करू नका, आधी इथे विचारा.

मालवणी_गाबीत
माका वाटता मागच्या दाराचोच स्विच अडाकता हा. माझ्या गाडयेचो पण असोच झाल्लो. दारां उघडी ठेव आणि एकेक दांडी बोटान दाबून सोड, जी सुटान लगेच वर येणा नाय तीच खराब.

गुहागरकरीण
स्विच बघालच, पण पायाखालचं मॅट उचलून कार्पेट दाबून बघा ओलं आहे का. आमच्याकडे गाडी फणसाखाली उभी असायची, पुढच्या काचेच्या खाली वायपरजवळ जी जाळी असते तिथे पालापाचोळा साचून पाणी जायची वाट बंद झाली आणि पावसाचं पाणी सरळ आत, फ्यूजबॉक्सच्या बाजूने. दोन महिने मी फ्यूजच बदलत बसले होते, फ्यूज काढला की पायांवर हिरवट थर. आणि कुणी सांगितलं म्हणून १० अँपिअरच्या जागी २० चा टाकू नका, लाल असेल तिथे लालच. फ्यूज जायच्या आधी वायर तापते मग.

नवीन_सदस्य_वेंगुर्ला
माझी २०२१ ची गाडी आहे, तिथे खांबावर असा स्विच दिसतच नाही, मग?

रत्नागिरीचा वायरमन
तुमच्यात स्विच दाराच्या लॉकच्या आतच असणार, आणि लाइट कंट्रोल युनिटमधून चालते. दार उघडं असल्याचा दिवा मीटरवर चुकीचा दिसतो का ते बघा, दिसत असेल तर लॉकमधला स्विच. वायर टेकवून बघणं, टेस्ट लॅम्प लावणं असलं काही ह्या गाडीत नको. आणि खांबात पिवळे कनेक्टर दिसले तर ते एअरबॅगचे, कुठल्याही गाडीत असोत, लांब राहा.

खाडीकाठचा (देवगड)
आज रविवार, पाऊस थोडा उघडला तेव्हा बसलो. डावीकडचा स्क्रू पिळला तर डोकंच तुटून हातात आलं, खालचा पत्रा तांबूस पावडर. वायर एकच होती, टेप लावली आणि दरवाज्याच्या चौकटीला थोडा रंग खरवडून टेकवली, लाइट लख्ख पेटली! खरं सांगतो, ओरडलोच मी, आई बाहेर आली काय झालं म्हणून. गाबीत दादांनी सांगितल्याप्रमाणे बाकीच्या दांड्या दाबून बघितल्या, उजव्या मागच्या दाराची दाबली तर आतच राहते आणि मधेच कधीतरी बाहेर येते, रबराची टोपी फाटलेली, आत मिठासारखं पांढरं. पण एक कळत नाही, ती आत अडकते, मग लाइट बंद राहायला हवी ना? चालू कशी राहते?

रत्नागिरीचा वायरमन
बरोबर पकडलंत. दांडी नीट सरकत नाही हा एक भाग, पण आत मीठ आणि गंज साचला की दांडी दाबलेली असूनही आतली पट्टी पत्र्यापासून सुटत नाही, दमट रात्री तर जास्तच. तो स्विच साफ करत बसू नका, नवीन घ्या, फार महाग नसतो. डावीकडचा चांगला असेल तर ठेवा, पण पत्रा पॉलिश पेपरने चमकेपर्यंत घासा, नवीन स्क्रू घट्ट बसवा आणि मग वरून पेट्रोलियम जेली लावा. आधी जेली आणि मग स्क्रू असं नको.

आता बॅटरीचा हिशेब बघा. ५ वॅटचा बल्ब साधारण ०.४ अँपिअर खातो, तीन दिवस म्हणजे ७२ तास, झाले जवळजवळ २९ अँपिअर-अवर. तुमची बॅटरी ३५ ची असेल तर राहिलं काय? आणि अशी दोनदा खाली गेलेली बॅटरी पूर्वीसारखी ताकद धरत नाही. पूर्ण चार्ज करून रात्रभर मायनस काढून ठेवा आणि सकाळी व्होल्ट बघा, १२.६ च्या आसपास हवेत.

खाडीकाठचा (देवगड)
स्विच मंगळवारी मिळेल म्हणाले. तोपर्यंत लाइटचा खटका ऑफवर ठेवलाय, हे मला आधी का सुचलं नाही. चार्जर काकांकडे आहे, आज रात्री लावतो.

मालवणी_गाबीत
आणि कव्हर ओला घालू नको रे, आत दमट होता सगळा.

खाडीकाठचा (देवगड)
बुधवार सकाळ. १२.५ व्होल्ट. चारही दारांना पेटते, लावली की विझते. काल रात्री दोनदा टॉर्च घेऊन कव्हर उचलून बघितलं, आत काळोख होता.