प्रतिसाद: मिटमिट्याला ध्रुवीय अस्वल?

एसी आणि बर्फाची सोय केली की छत्रपती संभाजीनगरजवळच्या मिटमिट्याच्या प्राणिसंग्रहालयात ध्रुवीय अस्वलही राहील, हे इथे मांडलेलं मत पटत नाही. गारवा यंत्राने आणता येतो, पण खरी अडचण जमीन आणि पाण्याची आहे. कॅनडातल्या मॅनिटोबाच्या नियमांत दोन अस्वलांना किमान ५०० चौरस मीटर मोकळी जागा लागते. त्यातली १२५ चौरस मीटर माती, पेंढा किंवा लाकडाचा चुरा हवा, शिवाय ७० चौरस मीटरचा हौद. मऊ जमीन ही चैन नाही. नुसत्या सिमेंटवर अस्वलाला उकरता येत नाही, मग ते एकाच वाटेवर तासन्‌तास येरझारा घालतं.

हौदाचा हिशोब या चर्चेत कुणीच मांडला नाही. सरासरी दोन मीटर खोली धरा, म्हणजे १ लाख ४० हजार लिटर. दर दोन तासांनी सगळं पाणी गाळायचं तर पंप ताशी ७० हजार लिटरचा लागेल. गाळणीचा वाळूचा फिल्टर त्याच वेगाने पाच मिनिटं उलटा धुतला, म्हणजे उलट्या दिशेने पाणी सोडून त्यातली घाण काढली, की जवळपास सहा हजार लिटर गेले, म्हणजे आपल्याकडचा एक छोटा टँकर! गाळण्यात कसूर झाली की शेवाळ अस्वलाच्या पोकळ केसांत शिरू शकतं. सिंगापुरात २००४ साली ध्रुवीय अस्वलं हिरवी पडली होती ती केसांत शेवाळ वाढल्यामुळेच. एवढा खर्च करायचाच असेल तर आपल्या काळ्या अस्वलांना वारुळं, सावली आणि उकरायला भरपूर माती द्या ना!