पहिल्यांदाच क्विल्ट-अलाँगमध्ये उतरायचंय: कापड कोणतं, किती आणि कधी घ्यायचं?

शिकाऊ_सुई

एका सॅम्पलर क्विल्ट-अलाँगमध्ये नाव दिलंय, म्हणजे गटाने मिळून, प्रत्येक ब्लॉक वेगळ्या नमुन्याचा असलेली गोधडी शिवायची. दर आठवड्याला एक असे १२ ब्लॉक (तुकडे जोडून केलेले चौकोन), जोडल्यावर प्रत्येक १२ इंची. मांडणी ३ × ४, ब्लॉकांच्या मध्ये आणि चारही कडांना २ इंची पट्ट्या, म्हणजे तयार माप ४४ × ५८ इंच. यादीत एवढंच आहे: पार्श्वभूमीचं कापड पावणेदोन यार्ड, रंगीत १२ फॅट क्वार्टर (पाव यार्डाचे रुंद तुकडे), आणि 'पट्ट्या, पाठ, बाइंडिंग (कडेची किनारपट्टी) आपल्या आवडीने'. मला सरळ शिवण येते, मशीन साधं घरगुती आहे.

कापड मीटरने मिळतं, तर हिशोब कसा बसवायचा? सगळं आधीच घ्यावं की लागेल तसं? घरात रेयॉन आणि टेरीकॉटचे कोरे तुकडे आहेत, ते खपतील का? कापड आधी धुवायचं का? आणि मध्येच मागे पडले तर काय?

उभा_आडवा

रेयॉन आणि टेरीकॉट या कामाला नकोत. रेयॉन कात्रीखाली सरकतं आणि तिरकं कापलं की लोंबतं. टेरीकॉटवर इस्त्रीची घडी बसत नाही, आणि सुतीला लागते तेवढी गरम इस्त्री फिरवली तर ते चकाकतं. सगळं कापड साध्या विणीचं, मध्यम जाडीचं, शंभर टक्के सुती घ्या. उजेडासमोर धरून बघा. विणीतून भोकं दिसत असतील तर पाव इंचाच्या मायेत (शिवणीबाहेर सोडलेल्या कडेत) धागे सुटून शिवण उसवते. उलट फार घट्ट विणीची चादर मशीनवर चालेल, पण हाताने धावदोरा घालायचा असेल तर सुई जाता जात नाही.

रंग निवडताना आधी उजळ आणि गडद यांतला फरक बघा. सगळे कापडं शेजारी ठेवून मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढा. लाल आणि हिरवं डोळ्यांना कितीही वेगळं वाटलं तरी फोटोत एकच करडं दिसत असेल तर ब्लॉकमधली चांदणी उठून दिसणार नाही. नवख्यांचे बहुतेक 'फिके' क्विल्ट सगळी कापडं मध्यम छटेची घेतल्यामुळे फसतात. छापाचंही तसंच. वीतभर फुलाचा छाप अडीच इंचाच्या चौकोनात कापला की नुसता डाग उरतो. एक मोठा छाप, दोन-तीन बारीक, बाकी जवळजवळ सपाट असं प्रमाण ठेवा. रेघांचं कापड पहिल्या क्विल्टला टाळाच, त्रिकोणांत रेघा चारही दिशांना पळतात.

आता हिशोब. फॅट क्वार्टर म्हणजे साधारण १८ × २२ इंच. अर्धा मीटर कापड रुंदीत मधोमध कापलं की ५० × ५५ सेंटीमीटरचे दोन तुकडे मिळतात. म्हणजे ६ कापडं, प्रत्येकी अर्धा मीटर, झाले तुमचे १२. सहा रंग पुरेसे आहेत. बारा वेगवेगळी कापडं जुळवणं अनुभवी माणसालाही जड जातं.

पार्श्वभूमी पावणेदोन यार्ड म्हणजे १.६ मीटर. आटणं आणि चुकीची कापणी धरून २ मीटर घ्या आणि एकाच ताग्यातून, एकाच वेळी घ्या. हे कापड सातव्या आठवड्यात संपलं आणि तोच पांढरा पुन्हा आणला, तरी रंगणीचा घाणा बदलला की छटा बदलते, आणि शेजारी शेजारी लावल्यावर लपत नाही. रंगीत कापड कमी पडलं तर दुसरं खपून जातं.

पट्ट्यांत एक खोच आहे. आडव्या पट्ट्या मायेसकट साडेचव्वेचाळीस इंच लांब लागतात आणि ४४ इंची पन्ह्यातून काठ काढल्यावर जेमतेम ४२ हाती येतात. आडव्या कापल्या तर प्रत्येक पट्टीला जोड येणार. म्हणून सव्वा मीटर घेऊन लांबीच्या दिशेने, काठाला समांतर कापा: अडीच इंची लांब पट्ट्या ५, आणि उरलेल्यातून २.५ × १२.५ चे तुकडे १६. सगळं एकाच कापडात बसतं, शिवाय उभ्या धाग्यावरची पट्टी कमी ताणते.

पाठ चारही बाजूंनी ४ इंच जास्त, म्हणजे ५२ × ६६. जोड उभा घातलात तर साडेतीन मीटर लागतील, आडवा घातलात तर ३ मीटरमध्ये भागतं. बाइंडिंगला अडीच इंची पट्ट्या ६, म्हणजे अर्धा मीटर.

टाचणीची_उशी

धुण्याबद्दल: या क्विल्टसाठी सगळं धुवा. सुती कापड ३ ते ५ टक्के आटू शकतं, आणि प्रत्येक कापड वेगळं आटतं. लाल, गडद निळं, काळं आधी एकेकटं तपासा: गरम साबणाच्या पाण्यात अर्धा तास, सोबत पांढरी चिंधी. चिंधी रंगली तर पुन्हा धुवा. तीन धुण्यांनंतरही रंग सुटत असेल तर ते कापड पांढऱ्या पार्श्वभूमीशेजारी नकोच. धुतलेलं कापड मऊ पडतं आणि कापताना पळतं, त्यामुळे थोडी ओल असतानाच स्टार्च मारून इस्त्री करा आणि मगच कापा.

उभा_आडवा

रंग तपासण्याबद्दल दुमत नाही. पण सगळं धुतलंच पाहिजे असं मी म्हणणार नाही. कोरं कापड कडक असतं, कापायला सोपं. आणि तयार क्विल्ट पहिल्यांदा धुतल्यावर सगळे थर मिळून आटतात, त्या बारीक चुण्या अनेकांना हव्याच असतात. धोका अर्धवटपणात आहे: काही धुतलेली, काही कोरी असं मिसळलं की एका ब्लॉकमध्ये दोन तऱ्हेने ओढ बसते. आधीच कापून मिळणारे ५ इंची चौकोन किंवा अडीच इंची पट्ट्या मात्र धुवू नयेत, कडा उसवून माप जातं.

शिकाऊ_सुई

सरावासाठी टाकाऊ कापडावर एक ब्लॉक केला. कापणी नीट होती, शिवण पाव इंच धरली होती, तरी मायेसकट साडेबाराऐवजी सव्वाबारा भरला. असं का?

पाव_इंच

आडव्या ओळीत चार शिवणी असतील तर प्रत्येकीने एक सोळांश इंच जास्त खाल्ला. शिवण उलटून इस्त्री केली की घडीच्या जाडीत एखादा धागा जातोच, म्हणून क्विल्टची शिवण पाव इंचाला एक धागा कमी धरतात. मशीनच्या पायाच्या कडेवर विसंबू नका. दीड इंची तीन पट्ट्या शेजारी शेजारी जोडा, इस्त्री करा आणि मधली मोजा. बरोबर १ इंच यायला हवी. कमी आली तर सुई एक खूण उजवीकडे घ्या, किंवा मशीनवर चिकटपट्टी लावून नवी रेघ ठरवा. पुन्हा तीन पट्ट्या. हे जमेपर्यंत खरं कापड बाहेर काढू नका.

टाका २ मिलिमीटर, सुई ८० नंबरची नवी, दोरा सुती आणि करडा. करडा बहुतेक रंगांत मुरतो. इस्त्री घासू नका, उचलून दाबा. घासल्याने तिरक्या कडा लाटेसारख्या होतात आणि ब्लॉकचा चौकोन राहत नाही. शेजारच्या ओळींच्या शिवणी उलट दिशांना वळवा, म्हणजे कोपऱ्यात त्या एकमेकींत अडकून बसतात.

त्रिकोणांसाठी नमुन्यातल्या मापापेक्षा थोडे मोठे चौकोन घ्या. दोन त्रिकोणांचा तयार ४ इंची चौकोन हवा असेल तर ५ इंचाचे दोन कापा, एकावर एक ठेवून कर्ण आखा, त्याच्या दोन्ही बाजूंना पाव इंचावर शिवा, कर्णावर कापा, आणि साडेचारला छाटा. छाटताना पट्टीची ४५ अंशांची रेघ शिवणीवर ठेवा. आणि कापणी-शिवण सगळी इंचातच करा. सेंटीमीटरच्या नमुन्यांत माया बहुधा पाऊण सेंटीमीटर असते, पाव इंच ६.३५ मिलिमीटर. मिसळलं की गणित बिघडतं.

सगळेच ब्लॉक सव्वाबारा आले तर घाबरायचं कारण नाही, उभे तुकडे सव्वाबारा कापा आणि आडव्या पट्ट्या पाऊण इंच आखूड करा. पण काही साडेबारा, काही सव्वाबारा असतील तर लहान ब्लॉकांना चारही बाजूंनी पार्श्वभूमीची बारीक पट्टी जोडून मग साडेबाराला छाटा. ताणून बसवलेला ब्लॉक फुगतो.

टाचणीची_उशी

मागे पडण्याबद्दल. सॅम्पलरमध्ये प्रत्येक ब्लॉक स्वतंत्र असतो, त्यामुळे चौथा राहिला तरी पाचवा गटाबरोबर करा आणि राहिलेला नंतर. मध्यभागापासून फेऱ्या वाढत जाणाऱ्या नमुन्यात हे चालत नाही, तिथे पुढची फेरी आधीच्या मापावर बसते. पहिल्या क्विल्टला सॅम्पलर निवडलंत ते बरं केलंत.

सूचना आल्याबरोबर सगळ्या आठवड्यांचं एकदम कापू नका. चालू ब्लॉकचंच कापा; नमुन्यात चूक निघाली तर दुरुस्ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येते. तुकड्यांवर अ, ब, क अशा चिठ्ठ्या टाचा, कारण साडेतीन आणि पावणेचारचे चौकोन ढिगात सारखेच दिसतात. गटात मदत मागताना ब्लॉकच्या पालथ्या बाजूचा फोटोही टाका, पट्टी शेजारी ठेवून. सुलट बाजूवरून कुणालाच कारण सांगता येत नाही.

बॅटिंग (मधला भरावाचा थर) ५२ × ६६ चंच, ८० टक्के सुती आणि २० टक्के पॉलिस्टर असलं तर हाताळायला सोपं. पाकिटावर दोन शिवणींतलं जास्तीत जास्त अंतर लिहिलेलं असतं, ते पाळा, नाहीतर धुताना आतला थर गोळा होतो. तीन थर टाचताना पाठ ताठ असावी पण ताणलेली नाही, आणि पिना मधून बाहेर, दर ४ इंचांवर. वॉकिंग फूट (वरचा थरही सोबत सरकवणारा मशीनचा पाय) मिळाला तर घ्याच. साध्या पायाखाली वरचा थर पुढे सरकत जातो आणि पाठीला चुण्या पडतात, त्या उसवल्याशिवाय जात नाहीत.