भूजलात पीएचडी : रुरकी, मुंबई की पुणे?

बार्शीकर_दगडफोड्या :
एमएस्सी जिऑलॉजी, सोलापूर. सीएसआयआर नेट (अर्थ सायन्सेस) ही परीक्षा जेआरएफसह, म्हणजे संशोधनाच्या शिष्यवृत्तीसह, निघाली आहे. सध्या एका कन्सल्टन्सीत बोअरच्या जागा दाखवतो. आयआयटी रुरकी, आयआयटी मुंबई की पुणे विद्यापीठ, ठरत नाहीये. विषय म्हणून ‘जीआयएसने (संगणकावरच्या नकाशांनी) भूजल संभाव्य क्षेत्रे’ घेईन म्हणतोय, मित्राच्या मते लवकर उरकतो. वय 27, घरी स्थळं बघायला सुरुवात झाली आहे. जाणकारांनी सांगा.

पाटबंधारे_पोरगा :
पैशाचं आधी. जेआरएफला पहिली दोन वर्षं महिना 37,000 आणि पुढे 42,000, घरभाडं वेगळं. यूजीसीच्या नियमात किमान 3 वर्षं, कमाल 6. पाच धरून चाल आणि स्थळांनाही तसंच सांग. रुरकीत हायड्रॉलॉजीचा (जलविज्ञानाचा) स्वतंत्र विभाग आहे, राष्ट्रीय जलविज्ञान संस्थाही त्याच गावात. बाकी बहुतेक ठिकाणी हा विषय सिव्हिलच्या पोटात असतो, तिथे जिऑलॉजीवाला चालतो का ते जाहिरातीत नीट बघ.

मांजऱ्या_खडक :
संस्थेचं नाव नंतर. आधी विचार, तुझ्या प्रश्नाला लागणारा डेटा कुठून येणार?

माझी पीएचडी पुरंदरच्या विहिरींवर झाली. राज्याचा चार पंचमांशाहून जास्त भाग बेसाल्टचा, म्हणजे काळ्या कातळाचा, आणि सरकारी निरीक्षण विहिरींची पातळी बहुतेक ठिकाणी वर्षातून चारदाच मोजतात. पावसाळ्यात पाणी कधी आणि किती झपाट्याने चढलं, हे त्या चार आकड्यांत सापडत नाही. म्हणजे पुनर्भरणावर, पाणी जमिनीत मुरून भूजल भरण्यावर, काही नवं बोलायचं तर विहिरीवर स्वतःच जायचं.

आणि जायचं ते लाईटच्या वेळेला. शेतीला थ्री फेज रात्रीची असली की पंपिंग टेस्टही (पाणी उपसून पातळी कशी बदलते ते मोजणं) रात्रीच. पट्टीला खडू फासून सोडायची, वर ओढून ओल कुठवर आली ते बॅटरीत वाचायचं. सुरुवातीला दर मिनिटाला. मोटर बंद केल्यावर पाणी परत चढतं ते मोजायचं असतं, आणि नेमकं तेव्हाच शेतकऱ्याला अंजिराच्या राहिलेल्या दोन सऱ्या आठवतात. त्याचंही खरंच, सहाला लाईट जाणार. मोटर परत चालू, रात्र फुकट. म्हणून आधी त्याचं भिजवणं होऊ द्यायचं, टेस्ट त्यातच बसवायची.

पुढची गंमत आकडेमोडीत. अशा टेस्टवरून खडक किती पाणी देतो ते काढायचं थाईसचं 1935 चं समीकरण विहिरीचा व्यास नगण्य धरतं. आपल्या विहिरी सहा-आठ मीटर रुंद! सुरुवातीला उपसलं जातं ते विहिरीतच साठलेलं पाणी, खडकातलं नव्हे. त्यासाठी पापाडोपुलोस आणि कूपर यांची 1967 ची पद्धत आहे. हे न बघता काढलेले आकडे मी छापील प्रबंधांत पाहिलेत.

जीआयएसच्या नकाशाबद्दल स्पष्टच बोलते. उतार, भूरूप, लिनियामेंट (उपग्रहचित्रात दिसणाऱ्या भेगांसारख्या रेषा) यांना वजनं द्यायची आणि हिरवा-पिवळा-लाल रंग भरायचा, असे शेकड्याने पेपर पडलेत. नकाशातल्या हिरव्यात किती विहिरी मे महिन्यात टिकतात, हे तपासणार असशील तर कर. तू जागा दाखवतोस ना? फेल गेलेल्या बोअरची नोंद ठेवली असेल, तर मालकाला विचारून तीच वापर. असला डेटा कुणाकडे नसतो, फेल बोअर कोण लिहून ठेवतं?

कोयना_रनऑफ :
मॉडेलवालाही, म्हणजे संगणकावर पाण्याचा हिशेब मांडणाराही, जरा बोलू दे. फील्डशिवाय चांगलं काम होतं, डेटाच्या मर्यादा ओळखल्या म्हणजे झालं. हवामान खात्याचा 0.25 अंशाच्या चौकोनांत मांडलेला पाऊस 1901 पासूनचा मिळतो. पण महाबळेश्वरला साडेपाच हजार मिमी आणि वाईला हजाराच्याही आत, हे अशा एका चौकोनाच्या रुंदीत घडतं. घाटात मॉडेल लावणाऱ्याने आधी यावर उत्तर शोधावं. परदेशाचा विचार असेल तर नेदरलँड्समध्ये पीएचडी ही पगारी नोकरी असते, जाहिरात बघून अर्ज करायचा.

बार्शीकर_दगडफोड्या :
फेल बोअरच्या वह्या आहेत! खोली, थर, कुठे माती लागली, सगळं. मालक नाही म्हणणार नाहीत. पण गाईडला पहिल्या मेलमध्ये काय लिहू?

मांजऱ्या_खडक :
‘रिस्पेक्टेड सर’नंतर बायोडाटा चिकटवू नकोस. एका गावच्या दहा-पंधरा बोअर उंचीप्रमाणे मांडून एक छेद काढ, मांजऱ्या (भरलेल्या पोकळ्यांचा बेसाल्ट) आणि घट्ट पाषाण वेगळे दाखव. त्यातली तुला न सुटलेली एक गोष्ट चार ओळींत लिही. आणि त्यांच्याकडे लेव्हल लॉगर (विहिरीतली पातळी आपोआप नोंदवणारी उपकरणं) आहेत का, ते पहिल्याच भेटीत विचार. प्रोजेक्ट संपला की उपकरणंही जातात, विद्यार्थी तिथेच राहतो.