टोयोटा एफजे४० मध्ये ट्रकचं डिझेल इंजिन घालावं का? (फोरमवरची चर्चा)

चाकोरी

माझी १९७८ ची लँड क्रूझर एफजे४० आहे. २एफ पेट्रोल इंजिन, चार गिअर. गेल्या वर्षी रेडिएटरचा होज फुटला. काटा लाल पट्ट्यात गेलेला माझ्या लक्षात आला नाही आणि तशीच पाच-सहा किलोमीटर रेटली. इंजिनच्या हेडला, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाला, दोन वॉल्व्हच्या मधोमध चीर गेली, आता ब्लॉकचीही खात्री नाही. हेच इंजिन पुन्हा उभं करायचं की डिझेल घालायचं, यावर माझं मत ठरलंय: कमिन्स ४बीटी.

३.९ लिटर, चार सिलिंडर, टर्बो. साधं १०५ अश्वशक्तीचं घेतलं तरी १६०० आरपीएमला साडेतीनशे न्यूटन-मीटरच्या वर टॉर्क देतं. डिझेल पंप यांत्रिक आहे. सेन्सर नाहीत, संगणक नाही. पंपाच्या सोलेनॉइडपर्यंत वीज पोचली की चालतंय. दगडांच्या चढावर लो रेंजमध्ये (सगळ्यात संथ, जोरदार गिअरमध्ये) पाय ॲक्सिलरेटरवरून काढून घेतला तरी गव्हर्नर (इंजिनचा वेग राखणारा पंपातला भाग) इंजिन धरून ठेवतो, गाडी रांगत वर जाते. पाण्यातून जाताना पेट्रोल इंजिनासारखी स्पार्क वाटणारा डिस्ट्रिब्युटर भिजायची धास्ती नाही.

डिझेल घातल्याने क्लासिक गाडी बाटते, हे मला पटत नाही. इंटरनॅशनल स्काउट २ ला १९७६ पासून निसानचं डिझेल कारखान्यातूनच मिळायचं. ऑस्ट्रेलियाच्या लष्कराने १९८७ पासून पेरेंटी लँड रोव्हर घेतल्या, त्यांत इसुझूचं ४बीडी१ होतं. ते तर ट्रकचंच इंजिन.

बीडकाम

पेरेंटीचं उदाहरण तुमच्याच विरोधात जातंय. तिथे चासी, गिअरबॉक्स, कूलिंग सगळं त्या इंजिनाचा विचार करून जुळवलं होतं. तुम्ही उलटं करताय. इंजिन आधी ठरवलंय, आता गाडीने त्याच्याशी जुळवून घ्यायचं.

४बीटी नुसतं उचललं तरी ३४० किलोच्या आसपास भरतं. २एफ पण बीडाचंच आहे, त्यामुळे वजनाचा मुद्दा मी फार ताणत नाही. माझा खरा आक्षेप थरथरीवर आहे. मोठी चार सिलिंडर, आणि झटके मारणारा बॅलन्स शाफ्ट नाही. ७५० च्या आयडलिंगला सेकंदाला २५ स्फोट होतात. ट्रकची चासी आणि केबिन ते पचवते. एफजे४० च्या टपात, काचेच्या फ्रेममध्ये, डॅशबोर्डच्या प्रत्येक स्क्रूत तो झटका उतरतो. वर्षभरात पत्र्याला माउंटिंगपाशी तडे गेलेली अशी गाडी मी हाताने वेल्ड केली आहे.

एका ओळीतल्या सहा सिलिंडरमध्ये हे झटके एकमेकांना आपोआप खातात, म्हणून २एफ इतकं मऊ चालतं. डिझेलच हवं असेल तर टोयोटाचं २एच किंवा १२एच-टी घ्या. तीही सहा सिलिंडरचीच. २एच तर याच मालिकेतल्या लांब एचजे४७ मध्ये कारखान्यातून यायचं. घरचं माणूस असताना बाहेरून कशाला आणायचं?

तिसरागिअर

थरथर राहू द्या, आधी वेग बघा. चाकोरी, तुमचा एक्सल ४.११ चा (चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे ४.११ फेरे) आणि टायर ३१ इंची आहेत असं धरतो. टायरचा घेर साधारण २.४७ मीटर. ताशी ९० ला चाक मिनिटाला ६०६ फेरे मारतं, गुणिले ४.११ म्हणजे इंजिन २४९० वर. तुमच्या गाडीचा चौथा गिअर सरळ (एकास एक) आहे, इंजिनचे फेरे कमी करणारा ओव्हरड्राइव्ह नाही. आणि अशी बरीच ४बीटी २५०० च्या पुढे गव्हर्नरला टेकतात.

म्हणजे ९० ला गाडी ओरडत असेल आणि पुढे काहीच शिल्लक नसेल. एनव्ही४५०० या गिअरबॉक्ससारखा ०.७३ चा पाचवा गिअर मिळाला तर तेच इंजिन १८२० वर येतं. पण मग गिअरबॉक्स, ट्रान्सफर केसचा (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीचा) ॲडॅप्टर, दोन्ही प्रोपेलर शाफ्टची लांबी, सगळं बदललं. इंजिनचा निर्णय घेताना हा हिशेब बहुतेक लोक करतच नाहीत आणि नंतर इंजिनाला नावं ठेवतात.

वंगण

मी हे काम एका एफजे४५ वर (एफजे४० चीच लांब बहीण) केलंय आणि आजही चाकोरींच्या बाजूने आहे. दोन गोष्टी सांगतो.

पहिली, ब्रेक. डिझेलला थ्रॉटल नसतो, त्यामुळे ब्रेकच्या बूस्टरला लागणारा व्हॅक्यूम मॅनिफोल्डमध्ये नसतो. मी पहिल्यांदा गाडी बाहेर काढली तेव्हा व्हॅक्यूम पंप जोडायचा ठेवलाच होता. पहिला ब्रेक नेहमीसारखा लागला, कारण बूस्टरमध्ये जुना साठा होता. दुसऱ्याला पेडल दगड झालं. दोन्ही पाय देऊन, सीटला पाठ रेटून कशीबशी थांबवली. तो पंप सगळ्यात आधी बसवा.

दुसरी, टायमिंग केसमधली (इंजिनच्या पुढच्या गिअरच्या पेटीतली) डॉवेल पिन. ४बीटी ज्यातलं आहे त्या कमिन्सच्या जुन्या बी मालिकेत ती थरथरीने सरकत बाहेर येते आणि गिअरमध्ये पडली तर केस फुटते. इंजिन बाहेर असताना पुढचं कव्हर उघडून पिनेवर एक पत्री बोल्टखाली दाबून टाका. गाडीत बसल्यावर हेच काम रेडिएटर काढून करावं लागतं.

थरथर आहेच, बीडकाम बरोबर बोलतायत. मऊ रबराची माउंटिंग आणि आयडलिंग थोडं वर ठेवलं की मला सहन होते. माझ्या बायकोला होत नाही, ती त्या गाडीत बसत नाही.

चाकोरी

तिसरागिअर, माझा एक्सल ४.११ चाच आहे. हिशेब पटला. पाच गिअरचा बॉक्स आता यादीत सगळ्यात वर.

पण बीडकाम दादा, "घरचं माणूस" मान्य नाही. टोयोटाचं ३बी डिझेल डायना ट्रकमध्येही होतं आणि लँड क्रूझरमध्येही. खुद्द २एफ च्या एफ मालिकेचं पेट्रोल इंजिन ट्रकमध्ये वापरलं गेलं. म्हणजे या गाडीत पहिल्यापासून ट्रकचंच इंजिन आहे! आणि चांगल्या अवस्थेतलं १२एच-टी मिळतं कुठे? जे मिळतं ते आधीच कोणीतरी पिळून काढलेलं असतं.

२एफ मी विकणार नाही. माउंटिंग बोल्टने बसतील अशीच करणार, म्हणजे पुढेमागे ते परत बसवता येईल. चासी कापावी लागत असेल तर हा विचार सोडून देईन.

बीडकाम

चासी न कापण्याचं बोललात, तिथे आपलं जुळलं. बाकी माझं मत तेच आहे.

करणारच असाल तर इंजिन साखळीला लटकत असतानाच पुढचे बंप स्टॉप (एक्सल चासीवर आदळू न देणारे रबर) काढा आणि एक्सल जॅकने पाटे पूर्ण दबेपर्यंत वर घ्या. मग उजवीकडून आणि डावीकडून, एकेक बाजू पूर्ण वर करून, डिफ (एक्सलमधला गिअरचा गोळा) आणि सम्पच्या (इंजिनखालच्या तेलाच्या भांड्याच्या) मध्ये हात जातो का बघा. हात अडकला तर त्या जागी माउंटिंग वेल्ड करू नका. समोरून सरळ बघून हे कळत नाही, गाडी तिरकी झाली की डिफ वर येतो.