मदत हवी आहे: बेंजो वर गेला की बेसूर होतो, गणपती तोंडावर

तिसरा_मजला
मंडळी, तातडीने मदत हवी आहे. बेंजो शिकायला घेतलाय. सूर लावताना बरोबर लागतो. वाजवायला बसलो की खालचे सूर ठीक, पण वर जावं तसतसा कण्हायला लागतो. आरतीची पहिली ओळ निघते, चाल वर चढली की घरचे दार लोटून घेतात. ट्यूनरच्या अ‍ॅपवर तीनदा लावून झालं. तीन आठवड्यांवर गणपती आणि यंदा आरतीला मी वाजवणार असं मंडळात बोलून बसलोय. "रियाज करा" हे कृपया सांगू नका. बिघडलंय काय ते सांगा.

पाचवी_तार
तारा जिच्यावर टेकतात ती घोडी सरकली आहे, दुसरं काही नाही. बेंजोची घोडी चिकटवलेली नसते, तारांच्या दाबावर हेडवर नुसती उभी असते. सगळ्या तारा एकदम सोडल्या होत्यात ना? नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंत जेवढं अंतर, तेवढंच बाराव्यापासून घोडीपर्यंत हवं. उघडी तार आणि बारावा फ्रेट यांत बरोबर एका सप्तकाचा फरक आला की झालं. पाचव्या तारेची खुंटी घसरत असेल तर तिचा स्क्रू आवळा. तीन बोटांनी वाजवता की क्लॉहॅमर?

तिसरा_मजला
कुठलं हेड? कुठली पाचवी तार? पिकने वाजवतो मी.

काळी_दोन
अहो पाचवी_तार, ते गणपती म्हणतायत, मंडळ म्हणतायत. हा आपला बेंजो. टाइपरायटरसारखी बटणं, म्हणजे बुलबुल तरंग. तुमचा तो अमेरिकेतला, ढोलकीला दांडा लावल्यासारखा.

पाचवी_तार
त्यांनी नुसतं "बेंजो" लिहिलं, मी काय स्वप्नात बघणार? मी नॉर्थ कॅरोलायनात राहतो, इथे बेंजो म्हटलं की पाच तारांचाच. आणि तो "दांडा लावलेला" मुळात आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या लोकांनी घडवला, भोपळ्याला कातडं ताणून. पाचवी तार आखूड, थेट पाचव्या फ्रेटपाशी सुरू होते. थट्टेचं वाद्य नाही ते.

काळी_दोन
थट्टा कोण करतंय? आमच्याला सुद्धा लोक खेळणंच म्हणतात. हे मूळ जपानी आहे, तैशोगोतो. १९१२ साली नागोयात गोरो मोरिता यांनी काढलं. आपल्याकडे येऊन त्याला आवाज स्पीकरवर नेणारा पिकअप बसला आणि ते थेट विसर्जनाच्या ट्रकवर चढलं.

वरदा_पुणे
बँजो लिहा हो, बेंजो काय.

काळी_दोन
ज्यांनी उभी हयात वाजवला ते बेंजोच म्हणतात. पाटीवरही बेंजो पार्टीच असतं.

निवांत_कोकणी
हळदीला बेंजो पार्टी हवी असेल तर दोन महिने आधी बयाणा द्या. मे महिन्यात आयत्या वेळी मिळत नाही, मिळाली तर ढोलकीवाला नवखा असतो. आमच्या पुतणीच्या हळदीला अनुभव घेतलाय.

तिसरा_मजला
मला पार्टी नकोय, माझा बेसूर वाजतोय!!

सुरपेटी
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. आधी सहा महिने पेटी शिका. सूर कानात नसला की वाद्यालाच दोष दिला जातो. बटण किती जोरात दाबता? या वाद्यात बटण म्हणजेच पडदा, म्हणजे फ्रेट. बटणाखालची पट्टी तारेवर बसते, जास्त दाबलं तर तार ताणली जाऊन सूर चढतो. नवा माणूस बटण खिळ्यासारखं ठोकतो.

तिसरा_मजला
हळू दाबून पाहिलं. थोडं सुधारलं, पण जात नाही. आणि सहा महिन्यांनी गणपती नसतो.

मिरजकर७
कुठून घेतलात? नवा की जुना? मिरजेला घेऊन या, इथे तारेची माणसं पिढ्यानपिढ्या आहेत. सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय.

काळी_दोन
सतारमेकर बेंजोला हात लावेल?

मिरजकर७
हात लावणार नाही कदाचित, पण कान तर आहे ना. तार कुठली घालायची हे त्याच्याइतकं कोण सांगेल.

तिसरा_मजला
जुना आहे. आमच्याच गल्लीतले एक काका पार्टीत वाजवायचे, आता त्यांचा मुलगा कीबोर्ड घेऊन जातो म्हणून पडून होता. मुंबईहून मिरजेला बेंजो घेऊन कधी जाऊ, मला रजा नाही.

वरदा_पुणे
मुंबईत तेवढं बरंय, आमच्याकडे पथकं. चारशे ढोल एकदम. त्यात बँजो वाजवला काय, नाही वाजवला काय.

निवांत_कोकणी
पथकाला निदान शिस्त असते. इथे रात्री दहानंतर आवाज बंद, हे बेंजोला आधी सांगावं लागतं.

काळी_दोन
विषय सोडू नका. तिसरा_मजला, मुख्य तारा दोन आहेत ना, ज्यांच्यावर पट्ट्या बसतात? एकावर चिमटीत कापडाचा तुकडा धरून ती गप्प करा, दुसरी एकटी छेडा. मग उघड्या तारेपासून बारावं बटण दाबा, काळी-पांढरी सगळी मोजून. अ‍ॅपवर काय येतं ते लिहा. मग उलट करा.

पाचवी_तार
म्हणजे माझीच चाचणी. बारावा फ्रेट काय, बारावं बटण काय.

काळी_दोन
चाचणी तुमची, मान्य. पण घोडी सरकली असती तर दोन्ही तारा सारख्याच चुकल्या असत्या. तेच बघायचंय.

तिसरा_मजला
(दुसऱ्या दिवशी) केलं. माझ्याकडची तार बरोबर, काटा मधोमध. पलीकडची भरपूर वर जाते. उघड्या मात्र दोन्ही एकदम एक. म्हणजे घोडी नाही?

काळी_दोन
नाही. तारा बदलल्या होत्या का कधी?

तिसरा_मजला
हो, पलीकडची तार बेंजो आणला तेव्हा तुटलेलीच होती. दुसरी घातली.

काळी_दोन
दुसरी म्हणजे कुठली?

तिसरा_मजला
कुठली म्हणजे? तार ती तार. भावाच्या गिटारची पडली होती.

काळी_दोन
हे पहिल्या पोस्टमध्ये लिहिलं असतंत तर!

मिरजकर७
मी म्हटलं होतं ना, तार.

तिसरा_मजला
पण ट्यूनरवर एकच सूर येतो ना दोन्हींचा?

पाचवी_तार
उघडी असताना येतो. गिटारची पहिली की दुसरी? अकूस्टिकच्या लाइट सेटमध्ये पहिली .०१२ इंचाची असते, दुसरी .०१६ ची. दुसरी असेल तर जुन्या तारेपेक्षा जाड निघेल. पट्टी खाली बसते तेव्हा तार थोडी ताणली जातेच, पण जाड तार आणि बारीक तार तेवढ्याच दाबाने सारखी चढत नाही. म्हणून खाली जुळतात, वर फाटतात.

सुरपेटी
आणि हे दोन तारा एकत्र ऐकल्यावरच कळतं, म्हणून म्हणतोय कान आधी.

काळी_दोन
सुरपेटी, तुमचा दाब थोडा खरा होता हं. आता उपाय. फक्त ती तार बदलू नका. एकाच गुंडाळीतून एकाच जाडीच्या दोन घ्या आणि दोन्ही टाका. एक सोडा, नवी घाला, मग दुसरी, म्हणजे पाचवी_तार यांची घोडी जागेवर राहील. दुकानात बेंजोची तार मागा, गिटारची नको. जुन्या तारेचा तुकडा सोबत न्या, दुकानदाराला दाखवा.

तिसरा_मजला
काकांना विचारलं. ते हसत सुटले, म्हणाले, "मी तुला दोन्ही तारांचं सांगितलं नव्हतं का?" नव्हतं सांगितलं. पण आतून तारेची एक गुंडाळी काढून दिली, जुन्या पेपरात बांधलेली, तो पेपर इतका पिवळा की तारीखही वाचता येईना. तार मात्र चकाकते.

तिसरा_मजला
(चार दिवसांनी) घातल्या दोन्ही. दोन दिवस उतरत राहिल्या, सारख्या पिळाव्या लागल्या, आता थांबल्या. बाराव्या बटणावर दोन्ही एक. आरतीची दुसरी ओळ आली, दार उघडंच राहिलं. सगळ्यांचे आभार, पाचवी_तार यांचेही. आता फक्त एक सांगा, बाजूच्या ज्या तारा मोकळ्या वाजतात त्या कशात लावायच्या? आजच सांगा, उद्या मंडळात पहिली तालीम आहे.

पाचवी_तार
आमच्याकडे त्याच कामाला पाचवी तार असते!

काळी_दोन
सा आणि प. पण मुख्य तारा कोणत्या सुरात लावल्यात? मंडळातल्या पेटीची पट्टी कोणती?

तिसरा_मजला
पेटीला पट्टी असते?